इंग्रजी वाक्प्रचारांतले चकवे

वाक्प्रचारातला शब्द न् शब्द ओळखीचा असतो आणि तरीही अर्थ हाती लागत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच अर्थ हाती लागतो. इंग्रजी वाक्प्रचार वापरताना ही गत शिकणाऱ्यांची होते तशीच इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही होते. कधी वाक्प्रचारातला एखादा शब्द इतका जुना झालेला असतो की कान त्याच्या जागी दुसराच शब्द ऐकतात. कधी शब्द शाबूत राहतात, पण अर्थ घसरतो. कधी एकच वाक्प्रचार इंग्लंडात आणि अमेरिकेत उलट अर्थांनी चालतो. मराठी भाषकांच्या वाट्याला यात एक जादा अडचण येते: सारखा दिसणारा मराठी वाक्प्रचार मनात आधीच ठाण मांडून बसलेला असतो.

'विथ बेटेड ब्रेथ' म्हणजे श्वास रोखून, उत्कंठेने. यातले 'बेटेड' हे 'अबेट' म्हणजे कमी होणे, ओसरणे या क्रियापदाचे आखूड रूप आहे. शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात हे शब्द शायलॉकच्या तोंडी येतात. आज हा शब्द या एका वाक्प्रचाराबाहेर जवळपास कुठेच भेटत नाही. उलट त्याच उच्चाराचा दुसरा 'बेट', म्हणजे गळाला लावलेले आमिष, सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे लिहिताना मध्ये 'आय' हे अक्षर घुसते आणि रोखलेल्या श्वासाला आमिष चिकटते. इंग्रजी छापील मजकुरातही ही चूक वारंवार दिसते.

'टो द लाइन' हा वाक्प्रचार भारतातल्या राजकीय बातम्यांत नेहमीचा आहे. पक्षाने आखून दिलेल्या भूमिकेबाहेर न जाणे, असा त्याचा अर्थ. त्यामागचे चित्र साधे आहे: जमिनीवर रेघ ओढलेली आहे आणि सगळे जण पायाची बोटे त्या रेघेला लावून शिस्तीत उभे आहेत. हा 'टो' टी-ओ-ई असा लिहितात. रस्त्यात बंद पडलेली गाडी टोचन लावून ओढून नेतात, तो 'टो' वेगळा आणि त्याचे स्पेलिंगही वेगळे, टी-ओ-डब्ल्यू. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असल्याने मराठी वाचकाला हा फरक दिसतच नाही. तो रोमन लिपीत लिहायची वेळ आली की उघडा पडतो. 'फ्री रेन' या शब्दांचीही तीच कथा. घोड्याचा लगाम सैल सोडला की तो हवा तसा धावतो, यावरून एखाद्याला पूर्ण मोकळीक देणे हा अर्थ आला. रोजच्या जगण्यातून घोडे गेले, लगाम विसरला गेला आणि त्याच उच्चाराचा राजाची कारकीर्द दाखवणारा शब्द तिथे येऊन बसला. मोकळीक आणि राज्य या कल्पना एकमेकींना जवळच्या असल्याने ही चूक पटकन खटकतही नाही.

'ऑन टेंटरहुक्स' मात्र अनेकांना खटकते, कारण 'टेंटर' म्हणजे काय हेच आता कोणाला माहीत नसते. इंग्लंडमध्ये लोकरीचे ओले कापड आकसू नये म्हणून ते लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. ती चौकट म्हणजे टेंटर आणि तिच्या कडेचे आकडे म्हणजे टेंटरहुक्स. मराठीत जीव टांगणीला लागतो, नेमका तोच अनुभव हा वाक्प्रचार सांगतो. चौकटी कालबाह्य झाल्यावर लोक 'टेंडर हुक्स' म्हणू आणि लिहू लागले. 'डॅम्प स्क्विब' या शब्दांतही असेच घडते. 'स्क्विब' म्हणजे फुसफुसत उडणारा छोटा फटाका. तो दमट झाला की पेटत नाही. मराठीतला 'फुसका बार' यासाठी तंतोतंत शोभतो. पण 'स्क्विब' हा शब्द मागे पडला आणि काही इंग्रजी भाषक 'डॅम्प स्क्विड' म्हणू लागले. 'स्क्विड' हा माकळीसारखा समुद्री जीव, तो ओलाच असायचा. त्यामुळे वाक्प्रचारातला अपेक्षाभंग पार नाहीसा होतो.

अशा चुकांना भाषाशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले आहे. ओक वृक्षाच्या फळाला इंग्रजीत 'एकॉर्न' म्हणतात. एक स्त्री तो शब्द 'एग' आणि 'कॉर्न' असा तोडून लिहीत असल्याचे उदाहरण मार्क लिबरमन यांनी मांडले, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ मध्ये या प्रकारच्या चुकीलाच 'एगकॉर्न' म्हणावे असे सुचवले. हे फळ आकाराने अंड्यासारखे असते आणि ते बी असल्याने धान्याच्या दाण्याशीही जुळते. म्हणजे चुकणाऱ्याने निरर्थक काही लिहिलेले नसते. न कळलेल्या शब्दाला त्याने कळेल असा अर्थ लावलेला असतो. म्हणूनच 'मॅलाप्रॉपिझम' हा प्रकार यापासून वेगळा धरतात. शेरिडनच्या १७७५ मधल्या 'द रायव्हल्स' या नाटकातली मिसेस मॅलाप्रॉप विद्वत्ता मिरवण्यासाठी भारदस्त शब्द वापरते आणि त्यांचा अर्थ भलताच निघतो. तिथे चुकीचा शब्द वाक्याला हास्यास्पद करतो. एगकॉर्नमध्ये चुकीचा शब्द अर्थाला धरूनच येतो, आणि म्हणून तो टिकतो, पसरतो, कधीकधी कायमचा मुक्कामही करतो. मराठीलाही हा प्रकार परका नाही. 'काखेत कळसा, गावाला वळसा' या म्हणीतला कळसा म्हणजे पाण्याचे भांडे. पाणवठ्यावरून भांडी भरून आणणे थांबले आणि आता अनेक मुलांच्या डोळ्यांपुढे देवळाचा कळस येतो.

चूकच प्रमाण रूप ठरल्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे 'करी फेवर'. खुशामत करून मर्जी मिळवणे हा त्याचा अर्थ. भारतीय वाचकाला यात हमखास आमटीरश्शाची करी दिसते, पण तिचा इथे काही संबंध नाही. इथली 'करी' म्हणजे घोड्याला खरारा करणे. खरारा करण्याच्या साधनाला इंग्रजीत आजही 'करीकोम' म्हणतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये 'रोमां द फोव्हेल' हे उपहासकाव्य लिहिले गेले. त्यातला फोव्हेल हा कपट आणि दंभ यांचे प्रतीक असलेला घोडा आहे, आणि त्याला खरारा करायला समाजातले लहानथोर रांग लावतात. फोव्हेलला खरारा करणे म्हणजे लबाड सत्ताधाऱ्याची सेवा करून स्वतःचे भले साधणे. इंग्रजीत हा प्रयोग 'करी फेव्हल' असा आला. पुढे फेव्हल कोण हे विसरले गेले, आणि कानाला जवळचा वाटणारा 'फेवर', म्हणजे मर्जी, त्या जागी रुजला. आज कोणी 'करी फेव्हल' लिहिले तर तेच चुकीचे धरले जाईल.

'स्केपगोट' या शब्दाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. बायबलच्या जुन्या करारात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणण्याचा विधी आहे. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देतात. विल्यम टिंडेल यांनी १५३० मध्ये इंग्रजी भाषांतर करताना या दुसऱ्या बोकडासाठी 'स्केपगोट', म्हणजे निसटलेला बोकड, असा शब्द घडवला. आज काही जण 'एस्केप गोट' लिहितात आणि त्यांना सुधारले जाते, पण मुळातला अर्थ तोच होता. मराठीत यासाठी 'बळीचा बकरा' म्हणतात. विधीच्या दृष्टीने पाहिले तर मराठी शब्द पहिल्या बोकडाचा आहे आणि इंग्रजी शब्द दुसऱ्याचा. इतरांच्या दोषाची शिक्षा भोगणारा हा वापरातला अर्थ मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

शब्द बरोबर आणि अर्थ चूक, हा प्रकार ओळखायला अधिक कठीण, कारण स्पेलिंग तपासणारे कोणतेही यंत्र इथे मदत करत नाही. 'हॉब्सन्स चॉइस' या वाक्प्रचाराचा अर्थ अनेक जण 'इकडे आड, तिकडे विहीर' असा घेतात. तो चूक आहे. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देणारा माणूस होता. १५४४ मध्ये जन्मलेला, १६३१ मध्ये वारलेला. विद्यापीठातले विद्यार्थी चांगले घोडे हेरून तेच पुन्हा पुन्हा मागत आणि ते घोडे थकून जात. हॉब्सनने नियम केला: तबेल्याच्या दाराजवळ जो घोडा असेल तो घ्या, नाहीतर घेऊच नका. गिऱ्हाइकाला निवड असल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात पर्याय एकच. आड आणि विहीर यांत निदान दोन पर्याय असतात, दोन्ही वाईट असले तरी. त्यासाठी इंग्रजीत 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी' असा वेगळा वाक्प्रचार आहे.

'बेग द क्वेश्चन' या वाक्प्रचारावर इंग्रजी लेखकांत अजूनही वाद होतात. बातम्या देणारे तो 'यातून प्रश्न उभा राहतो' या अर्थाने सर्रास वापरतात. मूळ अर्थ तर्कशास्त्रातला आहे. ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या एका तर्कदोषाचे लॅटिनमधून इंग्रजीत आलेले हे नाव: जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून बोलणे. 'अमुक माणूस खरे बोलतो, कारण तसे तो स्वतःच सांगतो' हे वाक्य या दोषाचा नमुना आहे. न्यायसूत्रांत सांगितलेल्या पाच हेत्वाभासांपैकी 'साध्यसम' हा याच्या बराच जवळ जातो. तिथेही दिलेले कारण स्वतःच सिद्ध व्हायचे बाकी असते. नवा अर्थ आता इतका रूढ झाला आहे की शब्दकोशही तो नोंदवतात. तरीही कायदा किंवा तत्त्वज्ञान यांवर लिहिताना जुना अर्थच पाळणे योग्य, आणि इतरत्र 'रेझ द क्वेश्चन' हा निःसंदिग्ध प्रयोग हाताशी असताना दुसऱ्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' या वचनाने तर मराठीतही घर केले आहे. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असे म्हणून लोक आपल्या विधानाविरुद्धचे उदाहरण उडवून लावतात. कावळे काळे असतात असे म्हणावे, कोणी पांढरा कावळा दाखवावा आणि त्यानेच नियम सिद्ध झाला म्हणावे, हे तर्काला धरून नाही. विरोधी उदाहरणाने नियम कमजोरच होतो. या वचनाचे मूळ रोमन कायद्यात आहे. इसवी सनापूर्वी ५६ मध्ये सिसेरोने बॅल्बस नावाच्या इसमाच्या बचावात केलेल्या भाषणात हा युक्तिवाद आढळतो. त्याचा आशय असा की अपवाद मुद्दाम नमूद केलेला असेल, तर नमूद न केलेल्या बाबतींत नियम लागू आहे असे धरावे. 'रविवारी येथे वाहने उभी करण्यास परवानगी आहे' अशी पाटी असेल, तर इतर सहा दिवस मनाई आहे हे न सांगता कळते. पाटीवरचा अपवाद न लिहिलेल्या नियमाचा पुरावा ठरतो, एवढाच त्याचा आवाका.

इंग्लंड आणि अमेरिका यांच्यातल्या फरकाने एकदा युद्धकाळातल्या बैठकीतही घोळ घातला. एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत तो चर्चेला घेणे आणि अमेरिकन इंग्रजीत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात चर्चिल यांनी दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकीतला प्रसंग नोंदवला आहे. ब्रिटिशांना एक कागद तातडीने 'टेबल' करायचा होता, अमेरिकनांचा त्याला विरोध होता, आणि बराच कडवट वाद झाल्यावर लक्षात आले की त्या कागदावर लगेच चर्चा व्हावी हेच दोघांनाही हवे होते. भारतात ब्रिटिश अर्थ चालतो; संसदेत आणि विधिमंडळात कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवतात ती सादर करण्यासाठीच.

'मूट पॉइंट' याचेही असेच दोन अर्थ झाले. 'मूट' म्हणजे जुन्या इंग्रजीत सभा. इंग्लंडमध्ये कायद्याचे विद्यार्थी काल्पनिक खटले चालवून सराव करत, त्यालाही मूट म्हणत. मुंबई-पुण्याच्या विधी महाविद्यालयांत होणाऱ्या 'मूट कोर्ट' स्पर्धा त्याच परंपरेतल्या. त्यामुळे मूट पॉइंट म्हणजे ज्यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल असा मुद्दा. अमेरिकेत यातल्या काल्पनिकपणावर भर पडत गेला आणि अर्थ झाला, ज्यावर वाद घालून आता काही उपयोग नाही असा मुद्दा. भारतीय न्यायालये अशा निरर्थक झालेल्या याचिकेला 'इन्फ्रक्चुअस' म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे गोंधळ थोडा कमी होतो. अमेरिकनांचे 'आय कुड केअर लेस' हेही शब्दशः पाहिले तर उलटे आहे. मूळ ब्रिटिश प्रयोग 'आय कुडन्ट केअर लेस', म्हणजे मला याची याहून कमी फिकीर असूच शकत नाही. नकार गळाला तरी अर्थ तोच राहिला. बोलण्यात ते खपते. लिहिताना नकारासह लिहावे.

मराठी भाषकांच्या खास चुकांकडे शिक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे, कारण त्या कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत. शरीराच्या अवयवांवरचे वाक्प्रचार दोन्ही भाषांत भरपूर आहेत आणि फसगत तिथेच जास्त होते. 'पुल समवन्स लेग' म्हणजे फिरकी घेणे, थट्टेने खोटे सांगून फसवणे. मराठीतले 'पाय ओढणे' मत्सराचे आहे. पुढे जाणाऱ्याला मागे खेचण्याचे. सहकाऱ्याने साधी थट्टा केली असे सांगताना मनात मराठी पाय असेल, तर तक्रार केल्याचा सूर लागतो. 'सी आय टू आय' म्हणजे एकमत असणे. मराठीत डोळ्याला डोळा भिडवतात तो आव्हान देण्यासाठी, म्हणजे जवळजवळ उलट प्रसंगी.

हात धुण्याच्या बाबतीत अंतर आणखी मोठे आहे. 'वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे आपला संबंध नाही असे जाहीर करून जबाबदारी टाकून देणे. मत्तयच्या शुभवर्तमानात रोमन अधिकारी पिलात लोकांसमोर हात धुतो आणि येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर नाही असे सांगतो, तिथून हा अर्थ आला. मराठीत मात्र हात धुऊन एखाद्याच्या मागे लागतात, किंवा वाहत्या गंगेत हात धुऊन घेतात. एकात चिकाटी आहे, दुसऱ्यात संधिसाधूपणा. जबाबदारी टाळणे दोन्हींत नाही. त्यासाठी मराठीत हात झटकतात. 'गेट कोल्ड फीट' हे हातपाय गार पडण्यासारखे दिसते, पण त्यात भीतीपेक्षा ऐनवेळी माघार घेण्याचा भाव आहे. 'कच खाणे' हा त्याचा खरा जोडीदार. 'बाइट द डस्ट' म्हणजे हरणे, पडणे किंवा मरणे, मराठीत धूळ चाटणे. 'माती खाणे' तिथे बसत नाही, कारण मराठीत माती खाणारा स्वतःच्या वागणुकीने नाचक्की ओढवून घेतो.

मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्द अधिक चकवतात. 'अ फ्यू' म्हणजे थोडे, पण 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच. 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे अशक्य. यातला 'द' गाळला की जुन्या इंग्रजीत अर्थ 'निःसंशय' असा होत असे. मराठीत अशी उपपदे नसल्याने 'द' गाळण्याची सवय मराठी भाषकाला सहज लागते. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळी आणि 'इन टाइम' म्हणजे वेळ टळण्याच्या आत. 'फॉर गुड' ऐकून भल्यासाठी असे वाटते. अर्थ आहे कायमचे. नोकरी 'फॉर गुड' सोडली म्हणजे ती परत धरायची नाही.

भारतीय इंग्रजीत 'मी अमुक कॉलेजातून अमुक साली पास आउट झालो' हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. त्याला आधार आहे: ब्रिटिश लष्करी परंपरेत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला 'पास आउट' म्हणतात, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सत्राअखेर होणारी 'पासिंग आउट परेड' याच अर्थाची. पण लष्कराबाहेर, विशेषतः अमेरिकेत, 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला अर्ज पाठवताना 'ग्रॅज्युएटेड' हाच शब्द वापरावा.

वाक्प्रचाराचे मूळ कळले की अर्थ लक्षात राहतो, हे वरच्या उदाहरणांवरून दिसते. मात्र प्रत्येक रंजक मूळकथा खरी नसते. 'रूल ऑफ थम्ब' म्हणजे अनुभवावर आधारलेला ठोकताळा. अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्यात होती आणि हा वाक्प्रचार तिथून आला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. असा कायदा नव्हता. १७८२ मध्ये फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाने तसे मत दिल्याची वदंता पसरली आणि जेम्स गिलरेने त्याचे अंगठ्यावरून व्यंगचित्र काढले, एवढे खरे. पण हा वाक्प्रचार त्याच्या शंभरएक वर्षे आधीपासून साध्या अर्थाने वापरात होता. अंगठ्याने अंदाज घेणे, मोजणे ही कारागिरांची जुनी रीत होती.

इंग्रजीच्या चांगल्या शब्दकोशांत वाक्प्रचार त्यातल्या मुख्य शब्दाखाली दिलेला असतो, सोबत उदाहरणाचे वाक्य असते आणि तो ब्रिटिश की अमेरिकन हेही नोंदलेले असते. विद्यार्थ्यांनी नुसता अर्थ पाठ न करता ते वाक्यही वहीत उतरवून घ्यावे. आणि अर्ज, कार्यालयीन पत्र किंवा परीक्षेतला निबंध लिहिताना एखाद्या वाक्प्रचाराची खात्री नसेल, तर तो गाळून तीच गोष्ट साध्या शब्दांत लिहावी.